क्रोम बाथमधल्या आकड्यांवर पेटंट? वकिलाचं पत्र आलंय, सल्ला हवा

भोसरी_प्लेटर
नमस्कार मंडळी. भोसरीत आमचं हार्ड क्रोमचं जॉबवर्क आहे, म्हणजे धातूच्या पार्टवर विजेने क्रोमचा कडक थर चढवून देतो. हायड्रॉलिक रॉड, मोल्डचे पार्ट, थोडंफार छपाईच्या रोलरचं काम. मध्यंतरी बाथमध्ये (क्रोम चढवायच्या द्रावणात) टाकायच्या कॅटॅलिस्टचा सप्लायर बदलला. आधीच्या मोठ्या कंपनीचा माल परवडेना, म्हणून आता एका लोकल माणसाकडून घेतो. कामात तसूभर फरक नाही, मायक्रॉन तेवढेच बसतात.

आता आधीच्या सप्लायरकडून वकिलाचं पत्र आलंय. थोडक्यात मजकूर असा: क्रोमिक लिटरला २०० ते ३०० ग्रॅम, क्रोमिक आणि सल्फेटचं गुणोत्तर ८५ ते ११५, सल्फॉनिक अ‍ॅसिडवाला कॅटॅलिस्ट ठरावीक मर्यादेत, आणि अँपिअर-तास (बाथमधून किती वीज गेली ते) मोजून त्याप्रमाणे डोस टाकणे. ही सगळी 'पद्धत' म्हणे त्यांची. १५ दिवसांत वापर थांबवल्याचं लेखी द्या, नाहीतर कोर्टात भेटू.

अहो, शंभराला एक हे प्रमाण आमचे वडील पाळायचे. एखाद्या आकड्यावर कुणी मालकी सांगू शकतो का? हार्ड क्रोम करणारा प्रत्येक जण याच्याच आसपास बाथ चालवतो. नावं टाकत नाही, उगाच आणखी एक पत्र नको.

सातपूरकर
झिंकवाल्यांना हा त्रास नाही, आमच्याकडे फक्त पोल्युशन बोर्डाची पत्रं येतात. वाचतोय.

निवृत्त_केमिस्ट
भोसरीकर, तुमच्या प्रश्नाला चांगली शंभर वर्षं झाली आहेत. हार्ड क्रोमचा धंदा जन्मला तोच या भांडणात. जरा लांबण लावतो.

क्रोमिक अ‍ॅसिडमधून क्रोम चढवायचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून चालू होते. गोएथरने १८५६ मध्ये ते करून दाखवलं होतं. पण गंमत अशी की एकाला चकचकीत थर मिळायचा आणि दुसऱ्याला त्याच कृतीने काळी राख. कारण कुणाच्या लक्षात येईना. बाजारात मिळणाऱ्या क्रोमिक अ‍ॅसिडमध्येच अशुद्धी म्हणून थोडं सल्फेट असायचं. कुणाच्या बरणीत जास्त, कुणाच्यात कमी. ज्याचं नशीब बरं त्याचा बाथ चालायचा. अगदी शुद्ध क्रोमिक घेतलं तर क्रोम जवळजवळ चढतच नाही.

१९२० मध्ये सार्जंट नावाच्या अमेरिकन संशोधकाने बाथ छापून जाहीर केला: लिटरला साधारण २५० ग्रॅम क्रोमिक आणि ३ ग्रॅम क्रोमियम सल्फेट. त्यानंतर कोलंबिया विद्यापीठातले कॉलिन फिंक यांनी मुद्दा नेमका पकडला. सल्फेट हा कॅटॅलिस्ट आहे, तो खर्च होत नाही, आणि क्रोमिकच्या तुलनेत तो एका अरुंद पट्ट्यात राखला तरच बाथ रोजच्या रोज भरवशाने चालतो. २० एप्रिल १९२६ ला त्यांना अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक १५,८१,१८८. ते युनायटेड क्रोमियम या कंपनीकडे गेलं आणि कंपनीने लोकांना कोर्टात खेचायला सुरुवात केली. आधी चांदीची भांडी करणारी इंटरनॅशनल सिल्व्हर, मग थेट जनरल मोटर्स. कनेटिकटच्या कोर्टात सुरू झालेले हे खटले वरच्या अपील कोर्टापर्यंत गेले.

वाद तुमचाच होता. फिंक यांची बाजू अशी की प्रमाण सांभाळायचं असतं हे आधी कुणालाच कळलं नव्हतं. समोरच्यांचं म्हणणं, आम्ही सार्जंटचाच बाथ वापरतो, तो का चालतो हे तुम्ही शोधलं म्हणून बाथ तुमचा होत नाही.

प्रश्नचिन्ह
काका, सार्जंटच्या बाथमध्ये ते गुणोत्तर किती पडतं?

निवृत्त_केमिस्ट
कागद घ्या. क्रोमियम सल्फेटचा रेणुभार ३९२, त्यात सल्फेटचे तीन गट, म्हणजे २८८. तीन ग्रॅममध्ये सल्फेट आलं २.२ ग्रॅम. २५० भागिले २.२ म्हणजे ११३ च्या आसपास. आज आपण ८० ते १२० मध्ये खेळतो. सार्जंट त्या पट्ट्यात होताच!

आम्लपित्त
काका, हे पाणीविरहित धरलं तर. बाजारातलं क्रोमियम सल्फेट बहुतेक वेळा पाण्याच्या रेणूंसकट येतं. पाणी धरलं की सल्फेट कमी भरतं आणि गुणोत्तर दीडशेच्याही पुढे जातं. मग सार्जंट पट्ट्याबाहेर. ज्याला पेटंट वाचवायचंय तो पाणी धरणार, ज्याला पाडायचंय तो धरणार नाही.

निवृत्त_केमिस्ट
अगदी. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची चंगळ असते.

कलम_१०४
मी पेटंट एजंट आहे, मुंबईत. इतिहास रंगतोय, पण १५ दिवस चालू आहेत. भोसरीकर, आधी हे सांगा: पत्रात पेटंटचा नंबर दिलाय का? भारतीय आहे की परदेशी? 'ग्रांट' लिहिलंय की 'अ‍ॅप्लिकेशन'?

भोसरी_प्लेटर
ताई, दोन नंबर आहेत. एक अमेरिकन पेटंटचा. दुसरा भारतीय, पण त्याच्यापुढे अ‍ॅप्लिकेशन लिहिलंय.

कलम_१०४
वाटलंच होतं. आता शांतपणे वाचा.

अमेरिकन पेटंट भोसरीत चालत नाही. पेटंट ज्या देशाने दिलं त्या देशापुरतंच. त्या नंबराचा उपयोग फक्त तुम्हाला घाबरवायला.

भारतीय अर्ज प्रलंबित असेल तर आज तुमच्यावर उल्लंघनाचा दावा दाखलच होऊ शकत नाही. कलम ११अ नुसार अर्ज प्रसिद्ध झाल्या तारखेपासूनचे हक्क मिळतात, पण दावा करायचा तो पेटंट मंजूर झाल्यावरच. याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. उद्या मंजूर झालं तर मधल्या काळाची भरपाई मागायला ते येऊ शकतात. तेव्हा पत्र कचऱ्यात टाकू नका.

अर्जाचा नंबर पेटंट ऑफिसच्या 'इनपास' नावाच्या शोधयंत्रात टाका. फुकट आहे. पूर्ण मसुदा दिसेल, परीक्षकाने काढलेल्या हरकती दिसतील आणि त्यांना कंपनीने दिलेली उत्तरंही. हे उत्तरांचं पान सोन्याचं असतं. हरकत टाळायला अर्जदार तिथे स्वतःच आपला पट्टा अरुंद करून बसतो.

डेट्रॉईटचा_बंडू
ताईंच्या शेवटच्या वाक्याला इकडचं उदाहरण. वॉर्नर-जेन्किन्सन विरुद्ध हिल्टन डेव्हिस, अमेरिकन सुप्रीम कोर्ट, १९९७. मामला प्लेटिंगचा नव्हता, रंग (डाय) शुद्ध करायचा होता, पण भांडण सामू किती राखायचा यावरच. आधी कुणाच्या तरी पेटंटमध्ये ९ च्या वरचा सामू होता, म्हणून यांनी अर्जात 'साधारण ६ ते ९' अशी मर्यादा घातली. प्रतिस्पर्ध्याने ५ वर काम केलं. आता प्रश्न, ५ हे ६ च्या 'जवळपास' धरायचं का? वरची ९ ची मर्यादा का घातली हे सगळ्यांना माहीत होतं. खालची ६ ची का घातली, त्याचा पत्ता नाही. कोर्ट म्हणालं, कारण सांगायची जबाबदारी पेटंटवाल्याची, आणि प्रकरण खाली परत पाठवलं. एक अंक का लिहिला हे धड सांगता येईना म्हणून वर्षानुवर्षांचा खटला!

प्रश्नचिन्ह
म्हणजे भोसरीकरांनी गुणोत्तर १२० वर नेलं की सुटले?

आम्लपित्त
बाथचं काय? सल्फेट कमी पडलं की कडांना बर्निंग, इंद्रधनुष्यी डाग, रॉड रिजेक्ट. वकील वाचवेल, गिऱ्हाईक मारेल.

भोसरी_प्लेटर
आम्लपित्तसाहेब बरोबर. आणि खरं सांगू का, बाथ एका आकड्यावर बसत नाही हो. जॉब बाहेर येताना द्रावण ओढून नेतो, आधीच्या एचिंगमधून सल्फेट आत येतं, वर पाणी टाकतो त्यातही असतं. सोमवारी ९५, शुक्रवारी ८२. मग बेरियम कार्बोनेट टाकून सल्फेट खाली बसवायचं. मोजतो ते सेंट्रिफ्यूजच्या नळीत, बेरियमचा साका किती चढला ते डोळ्याने बघून. वाचणारा बदलला की आकडा बदलतो.

कलम_१०४
हे तुमच्या फायद्याचं आहे. उद्या कोर्टाने कमिशनर पाठवून नमुना घेतला तर तो त्या दिवसापुरताच. 'पट्ट्यात राखतात' हे त्यांना दाखवावं लागेल, 'एकदा पट्ट्यातून गेला' एवढ्याने भागत नाही. मात्र तुमचं लॉगबुक कोर्टात मागवता येतं, तेव्हा त्यात आता खाडाखोड करू नका. मी गंमत करत नाहीये, लोक करतात आणि अडकतात.

निवृत्त_केमिस्ट
बाथ हलतो यावरून आठवलं. त्याच युनायटेड क्रोमियमने पुढे, १९५० च्या दशकात, प्रमाण आपोआप राखणारा बाथ आणला. स्टॅरेक यांची पेटंटं. युक्ती झकास होती: सल्फेट स्ट्रॉन्शियम सल्फेटच्या रूपात आणि फ्लोराइड पोटॅशियम सिलिकोफ्लोराइडच्या रूपात, दोन्ही जेमतेम विरघळणारी, गरजेपेक्षा जास्त टाकायची. जास्तीचं तळाशी पडून राहतं. बाथमध्ये कमी पडलं की तेवढंच विरघळतं, वाढलं की पुन्हा खाली बसतं. पट्ट्यासाठी भांडणाऱ्या कंपनीने शेवटी माणसाचा हातच काढून घेतला.

माझ्या मते पेटंट शोभतं ते याला. नुसतं 'अमुक ते तमुक राखा' याला पेटंट देणं माझ्या पोटात कधी गेलं नाही.

डेट्रॉईटचा_बंडू
काका, सरसकट नको. पट्टा कुठे आहे हेच कुणाला माहीत नसताना तो शोधणं हेही काम आहेच. इकडे कसोटी अशी: जुन्या ज्ञानात सर्वसाधारण कृती असेल तर त्यातला सगळ्यात बरा आकडा नेहमीच्या प्रयोगांनी शोधणं हा शोध नव्हे. १९५५ चं आलर प्रकरण. जुन्या कृतीत तापमान १०० अंश आणि गंधकाम्ल १० टक्के, अर्जदाराचं ४० ते ८० अंश आणि २५ ते ७० टक्के. कोर्ट म्हणालं, हे करून बघण्याचं काम झालं. पण त्या पट्ट्यात काही अनपेक्षित घडतं असं दाखवलं तर गोष्ट वेगळी.

दुसरं लक्षात राहिलेलं १९८५ चं टायटॅनियम मेटल्स प्रकरण. मिश्रधातूत मॉलिब्डेनम ०.२ ते ०.४ टक्के, निकेल ०.६ ते ०.९. एका रशियन लेखातल्या आलेखावर एकच ठिपका सापडला: ०.२५ आणि ०.७५. रशियन लेखकांना त्या मिश्रधातूच्या गंजरोधाशी देणंघेणं नव्हतं, तरी पेटंटमधले दावे (हक्क मागणारी कलमं) पडले. पट्ट्यात पडणारा जुना एक ठिपका पुरतो.

सातपूरकर
मग सगळ्यांनी मिळून ठिपका शोधा की.

आम्लपित्त
शोधतो. नोटिशीत सल्फॉनिक अ‍ॅसिडवाला कॅटॅलिस्ट म्हटलंय ना? चेसिन आणि न्यूबी, अमेरिकन पेटंट ४५,८८,४८१, १९८६. क्रोमिक, सल्फेट आणि अल्किल सल्फॉनिक अ‍ॅसिड, ज्यात गंधक आणि कार्बनचं प्रमाण किमान एकास तीन. मिथेन सल्फॉनिक त्यात बसतं. कार्यक्षमता साध्या बाथच्या जवळपास दुप्पट मिळते, बेस मेटल खाल्लं जात नाही. ते पेटंट केव्हाच संपलं, म्हणून तर लोकल माणूस तेच विकू शकतो. अँपिअर-तासावर डोस टाकणं तर चढवलेल्या धातूचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. यांच्या अर्जात नवीन काय राहिलं?

कलम_१०४
छान. आता भारतीय कायद्यात हे कुठे बसतं ते सांगते. कलम ३(ड) औषधांमुळे सगळ्यांना माहीत आहे, पण त्याचं शेपूट कुणी वाचत नाही: माहीत असलेल्या पद्धतीचा नुसता वापर हा शोध नव्हे, जोवर त्यातून नवं उत्पादन मिळत नाही किंवा किमान एक नवा अभिकारक वापरला जात नाही. हार्ड क्रोम हे उत्पादन जुनं, क्रोमिक जुनं, सल्फेट जुनं, सल्फॉनिक जुनं. कंपनी म्हणेल आमचा मेळ वेगळा आहे. म्हणू द्या, सिद्ध करावं लागेल.

जोडीला सुप्रीम कोर्टाचा १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद निकाल. मिर्झापूरची भांडी करणारी मंडळी होती. लेथवर भांडं पकडायची सुधारित पद्धत पेटंट केली होती. कोर्टाने ते रद्द ठरवलं, कारण कारखान्यातल्या कुशल माणसाला सहज सुचेल अशा सुधारणेला शोध म्हणत नाहीत. धातूकामाच्या धंद्यात हा निकाल फार कामाचा.

आणि अर्ज अजून मंजूर नसल्यामुळे सगळ्यात स्वस्त हत्यार तुमच्या हातात आहे: कलम २५(१), मंजुरीपूर्व विरोध. कुणीही करू शकतो, तुम्हीसुद्धा. मुंबईचं ऑफिस अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन करता येतो. मंजूर झाल्यावरही वर्षभर विरोध करता येतो, फक्त तेव्हा तुम्ही 'हितसंबंधित' असावे लागता, आणि या पत्रामुळे तुम्ही तसे झालाच आहात.

भोसरी_प्लेटर
ताई, आम्ही वडिलांच्या काळापासून हेच करतो, याचा काही फायदा? आमची जुनी रजिस्टरं आहेत.

कलम_१०४
आहे, पण लोक समजतात तसा नाही. जर्मनी-इंग्लंडात आधीपासून वापरणाऱ्याला आपलं काम चालू ठेवायचा वेगळा हक्क असतो. आपल्याकडे तो नाही. तुमचा जुना वापर पेटंट पाडायला वापरायचा: अर्जाच्या तारखेआधी भारतात ही गोष्ट जाहीरपणे माहीत होती किंवा वापरात होती असं म्हणून. तिथे ते विचारणार, तुमच्या बंद शेडमधला बाथ 'जाहीर' कसा? गुप्त वापराचाही मुद्दा कलम ६४ मध्ये स्वतंत्रपणे आहे, तरी मी नुसत्या रजिस्टरावर उभी राहणार नाही. छापील कागद हवा, आणि तो बाहेरच्या माणसाच्या हाती बिनशर्त गेलेला हवा.

आम्लपित्त
भोसरीकर, आधीच्या सप्लायरने माल देताना टेक्निकल डेटा शीट दिली असेलच ना? ऑपरेटिंग कंडिशनचा तक्ता असतो तो. शोधा.

प्रश्नचिन्ह
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

भोसरी_प्लेटर
सापडली! लॅबच्या कपाटात, क्रोमिकचे पिवळे डाग पडलेली, पण अक्षर स्वच्छ. दोन पानी. तक्ता आहे: क्रोमिक २०० ते ३००, शिफारस २५०. गुणोत्तर ९० ते ११०, शिफारस १००. कॅटॅलिस्ट किती मिली, आणि खाली चक्क 'दर इतक्या अँपिअर-तासाला इतके मिली भर टाका'. तळाशी छपाईचा महिना-साल आहे. इनपासवर त्यांच्या अर्जाची सगळ्यात जुनी तारीख बघितली, ही शीट तिच्या बरीच आधीची आहे. म्हणजे त्यांनीच आम्हाला शिकवलं आणि आता तेच म्हणतात शिकू नका!

डेट्रॉईटचा_बंडू
हा घ्या तुमचा रशियन ठिपका.

निवृत्त_केमिस्ट
ठिपका कसला, आख्खा तक्ता आहे.

कलम_१०४
हुरळून जाऊ नका, पण कागद जबरदस्त आहे. आता क्रमाने.

शीट तुम्हाला गोपनीयतेच्या अटीवर दिली होती का, ते आधी तपासा. जुना सप्लाय करार, पहिली पर्चेस ऑर्डर, तिच्या मागची बारीक अक्षरं. अशी अट असेल तर ते 'प्रसिद्ध नव्हतं' म्हणतील. नसेल तर आणखी दोन-तीन प्लेटरांकडे तीच शीट आहे का विचारा. चार जणांकडे एकच छापील कागद असला की गोपनीयतेचा युक्तिवाद उभा राहत नाही.

मग त्यांच्या अर्जातला शेवटचा दुरुस्त दावा (नेमका कशावर हक्क मागितलाय ते कलम) आणि शीटचा तक्ता समोरासमोर ठेवा, एकेक अट. शीटमध्ये नसलेली एखादी अट त्यांनी दाव्यात घुसवलेली असेल, म्हणजे अमुक सेन्सरने सतत मोजणे वगैरे, तर ती तुम्ही मुळात वापरत नसालच. तुम्ही तर सेंट्रिफ्यूजची नळी बघता. दोन्हीकडून तुमचाच फायदा.

पत्राला उत्तर द्यायचं, पण वकिलाकडून आणि चार ओळींचं. अर्ज मंजूर नाही, दावा मान्य नाही, हक्क राखून ठेवले. शीटचा उल्लेख त्यात अजिबात नको, तो विरोधाच्या अर्जासाठी राखून ठेवा. पुढच्या पत्रात पुन्हा कोर्टाची धमकी आली तर कलम १०६ आहे: निराधार धमक्यांविरुद्ध तुम्हीच दावा लावू शकता. नुसतं 'आमचं पेटंट आहे' असं कळवणं ही धमकी ठरत नाही, पण १५ दिवसांत बंद करा नाहीतर कोर्ट, हे कळवण्याच्या बरंच पुढे गेलंय.

भोसरी_प्लेटर
ताई, काका, सगळ्यांचे आभार. करारात गोपनीयतेचं काही दिसत नाही, वकिलालाही दाखवतो. चाकणच्या एका मित्राला फोन केला, त्याच्याकडे हीच शीट आहे, उलट त्याची अजून जुनी आवृत्ती, गुणोत्तर तेच. तो म्हणाला पत्र मलाही आलंय, मी घाबरून त्यांचाच माल पुन्हा सुरू केला.

आम्लपित्त
पत्र पाठवायचं कारण तेवढंच असतं हो.

कलम_१०४
त्या मित्राला विरोधाच्या अर्जात सोबत घ्या, किंवा त्याला वेगळा करू द्या. आणि दोन्ही शीटची मूळ प्रत कुणालाही देऊ नका, स्कॅन पाठवा. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तर मसुदा बघून देईन.

सातपूरकर
अवांतर: आम्हाला झिंकच्या ब्राइटनरची शीट दरवर्षी मिळते आणि मी दरवर्षी फेकतो. आजपासून फाइल करणार.